सुईचे सगळे तुकडे

बाटली आतून पांढरी झाली आणि जेवणघरात दाटीने उभ्या असलेल्या तीस-बत्तीस बायांनी एकदम श्वास आत ओढला.

बाटली तशी साधीच होती, औषधाची असते तसली, रुंद तोंडाची. पण ती ज्याच्या हातात होती तो माणूस साधा नव्हता. निदान त्याचं स्वतःचं तरी तसं म्हणणं होतं. राखाडी रंगाचा पायघोळ झगा, छातीपर्यंत दाढी आणि शेजारी स्टुलावर कापडाने झाकलेली पेटी. त्या पेटीतून तो एकेक बाटली काढी. पाच नंबरच्या मशीनवरच्या बाईच्या तोंडाला त्याने बाटली लावली, "सोड, हळूहळू सोड, सगळं सोड" असं म्हणत तिच्याकडून तीन लांबलचक श्वास सोडवून घेतले, आणि काचेवर धुकं धरल्याबरोबर चटकन बूच बसवलं.

"आलं आत," तो बाटली उंच धरून म्हणाला. "नीट बघून घ्या. हे साधंसुधं वारं नाही. सात ओसाड घरं फिरून आलेलं आहे. याला भिंत कळत नाही, कुलूप कळत नाही. याला जगात एकच गोष्ट कळते, ती म्हणजे माझी बाटली."

पाच नंबरच्या बाईने बोटं उघडून मिटून पाहिली आणि मुंग्या गेल्या म्हणून सांगितलं. झालं. कोणी हात जोडले, कोणी डोळे पुसले. त्याचं बाटलीबाबा हे नाव पहिल्या दिवसापासून पडलेलं होतं, पण ते पाठीमागचं. तोंडावर सगळ्या महाराज म्हणत.

सुईआजीला मात्र हा चमत्कार नीटसा दिसलाच नाही. ती सर्वांत मागे चहाच्या पिंपाजवळ उभी होती, आणि पेल्यातल्या चहाची वाफ तिच्या चष्म्यावर धरली होती. चष्मा पुसून डोळ्यांवर ठेवेपर्यंत बाटली पेटीत गेलेली होती.

कारखाना तान्ह्या बाळांच्या कपड्यांचा. झबली, दुपटी, टोपडी असा नाजूक माल. चाळीस मशीन आणि तितक्याच बाया. अशा मालात सुईचा केसाएवढा तुकडा राहिला तर काय होईल ते कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. म्हणून तिथे एक नियम होता आणि तो मालकालाही मोडता येत नव्हता. सुई मोडली की मशीन बंद करायचं, मोडलेले तुकडे शोधायचे, ते घेऊन कोपऱ्यातल्या जाळीच्या खिडकीशी जायचं. खिडकीमागे सुईआजी. ती तुकडे टेबलावर जुळवून पाही. अख्खी सुई जुळली तर तुकडे वहीत चिकटपट्टीने चिकटवून शेजारी मशीनचा नंबर आणि वेळ लिही, मग नवी सुई देई. टोक कमी पडलं तर नवी सुई नाही. मग ती बाई रडो, भांडो, नाहीतर सुपरवायझरला घेऊन येवो. "आधी सगळे तुकडे आण," एवढंच उत्तर मिळे.

हे लिहिणंही आजीला उशिराच आलं होतं. वयाच्या चौपन्नाव्या वर्षापर्यंत ती अंगठा उठवत होती. मग घरात सून आली. सासूने सुनेला संसार शिकवायचा असतो. या घरात सुनेने सासूला बाराखडी शिकवली, तीही भाजी चिरता चिरता. आकडे आले, अक्षरं आली, आणि सुईची वही आजीच्या हातात आली. पुढे आजीच्याच शब्दावर सून कारखान्यात लागली आणि बारा नंबरच्या मशीनवर बसली. हात असा साफ, की नमुन्याचे पहिले कपडे तिच्याकडूनच शिवून घ्यायचे असं मालकाने नुकतंच ठरवलं होतं.

त्या सुनेवरच सगळं येऊन बसणार होतं, पण बाटलीच्या त्या सोमवारी हे अजून कोणाला माहीत नव्हतं.

सुरुवात तीन आठवड्यांपूर्वीची. मोठी ऑर्डर आली होती आणि तिची तारीख अचानक आठ दिवस अलीकडे आणली गेली. सुपरवायझरच्या मनगटावर एक घड्याळ होतं आणि गळ्यात एक, म्हणून त्याला घड्याळसाहेब म्हणत. त्याने पांढऱ्या मालावर धूळ नको म्हणून खिडक्या बंद केल्या, बोलणं बंद केलं, सुट्ट्या बंद केल्या. बाथरूमला जायचं तर एक पितळी बिल्ला घेऊन जायचं. बिल्ला एकच, बाया चाळीस. वर कुठून तरी बातमी पसरली, की ऑर्डर चुकली तर निम्म्या बाया घरी बसणार.

अशा दिवसांत सुनेला ताप आला. दोन दिवस ती तशीच कामावर गेली आणि तिसऱ्या दिवशी काही न खाता गेली. दहाच्या सुमारास ती बाकावरून घसरून खाली पडली. शेजारच्या दोघींनी तिला उचललं. तासाभरात त्या दोघींच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. दुपारपर्यंत अशा सहा झाल्या: आधी मुंग्या, मग छातीत धडधड, मग श्वास पुरेना, मग चक्कर. दुसऱ्या दिवशी अकरा. सून गोळी घेऊन दोन दिवसांत खडखडीत बरी झाली, पण बाकीच्या पडतच राहिल्या.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी हवा तपासायला लावली, पाणी तपासलं, दोऱ्याचा रंग तपासला, सगळ्यांचं रक्त तपासलं. कुठेही काही नाही. मग त्यांनी जेवणघरात उभं राहून सरळ सांगितलं, की हे मनावरच्या ताणाने होतंय, एकीचं बघून दुसरीला होतंय. बाया जाम भडकल्या. म्हणजे आम्ही नाटकं करतो, असंच ना? सुईआजीलाही राग आला. सुनेचा ताप तिने स्वतः कपाळाला हात लावून पाहिला होता. डॉक्टरीणबाई तपासण्यांचे कागद ठेवून गेल्या आणि त्यांच्या जागी इस्त्रीवाल्या काकूंनी बाटलीबाबाला आणला. त्याने काकूंच्या भावाचा गुडघा बरा केला होता. भाऊ अजून लंगडत असे, पण काकूंच्या मते आता तो पुष्कळ आनंदाने लंगडत असे.

घड्याळसाहेबाने हो म्हटलं, कारण त्याला काहीही करून मशीन चालू हवी होती.

बाबा रोज जेवणाच्या सुट्टीत येऊ लागला. या सोमवारी, पाच नंबरवालीची बाटली भरून झाल्यावर, जाता जाता त्याने डोळे मिटून सांगितलं, की उद्या वारं नऊ नंबरवर उतरणार. मंगळवारी सगळा हॉल नऊ नंबरकडे बघत होता. अकरा वाजता नऊ नंबरवाली पडली. तिच्यामागून आणखी तिघी. त्याने सांगितलं, उद्या बावीस.

बुधवारी सकाळी आजी आपल्या जाळीमागून बावीस नंबरवर नजर लावून बसली. बावीसवाली काल संध्याकाळपासूनच अर्धी झाली होती. ती दोन टाके घाली आणि हात झटकी, दोन टाके घाली आणि घड्याळाकडे बघे. तिच्याभोवतीच्या आठजणी शिवायचं सोडून तिच्याकडे बघत होत्या. अकराला पाच कमी असताना तिचा हात थरथरला, कापड ओढलं गेलं, सुई वाकून खालच्या पत्र्यावर आपटली आणि टक्कन मोडली. ती मागच्या मागे कलंडली.

आणि त्याच क्षणी सुईआजीच्या उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या.

तिने हात टेबलाखाली लपवला. आधी भीती वाटली, मग लाज वाटली, आणि मग एकदम राग आला. तिचा बाबावर काडीचा विश्वास नव्हता. तिला कोणी नंबर दिला नव्हता. ती स्टुलावर बसून नुसती बघत होती. तरी मुंग्या खऱ्या होत्या. तिने मान खाली घातली आणि डबीतल्या नव्या सुया मोजायला घेतल्या. चाळीसपर्यंत मोजेतो बोटं पूर्ववत झाली. बघणं थांबलं तशा मुंग्या थांबल्या. हा एक तुकडा आजीने मनात जपून ठेवला.

त्या दुपारी बाबाने बावीसवालीचं वारं बाटलीत भरलं, उद्या चार असं सांगितलं, आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाटल्या किती भरायच्या? दार उघडं आहे तोवर वारं येतच राहणार. आणि दार म्हणजे कोण, ते तुम्हालाही ठाऊक आहे. जी पहिली पडली, तिच्या पावलांनी हे आत आलं. शनिवारी तिने सगळ्यांसमोर कबूल करायचं, की मी आणलं, आणि या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं. परत यायचं नाही."

सगळ्या माना बारा नंबरवालीकडे वळल्या. सुनेच्या हातातला घास हातातच राहिला.

संध्याकाळी भोंगा वाजला, बाया गेल्या, आणि सून जाळीच्या खिडकीशी येऊन उभी राहिली. ती रडत नव्हती. रडून झालं होतं.

"आई, मी शनिवारपर्यंत थांबतच नाही. उद्यापासून येत नाही. तुमची तरी नोकरी राहू दे."

"न येऊन काय होईल?"

"निदान मला कबूल तरी करावं लागणार नाही."

"न येणं म्हणजेच कबूल करणं, बाई. मग या कारखान्यात नाहीच, पण दुसऱ्या कुठल्याही कारखान्यात तुला मशीनवर बसू देणार नाहीत. वारं आणणारी म्हणून नाव पडेल, आणि ते नाव माझ्या वहीतल्या चिकटपट्टीसारखं असतं, निघता निघत नाही." आजीने दार उघडून तिला आत घेतलं. "बस इथे. मला वाचायला कोणी शिकवलं? मग आता माझ्याबरोबर वाच."

दोघींनी वही उघडली. जी पडली तिच्या हाताला आधी झटका बसलेला होता, आणि झटका बसला की सुई मोडलेली होती. म्हणजे कोण, कुठे, किती वाजता पडली, ते सगळं या वहीत आपोआप लिहिलं गेलं होतं, तुकड्यांसकट. सून नंबर वाचत गेली आणि आजी खडूने टेबलावर हॉलचा नकाशा काढून खुणा करत गेली. बारा. मग अकरा, तेरा. मग त्यांच्या मागच्या. खुणा पाणी पसरावं तशा पसरत गेल्या आणि एका जागी थांबल्या.

"आई, चौतीस ते चाळीस कुठे आहेत?"

चौतीस ते चाळीस म्हणजे काजवाल्या. काजं पाडणारी सात मशीन कापडाच्या उंच मांडण्यांमागे होती. हवा तीच, पाणी तेच, दोरा तोच. पण तिथून हॉल दिसत नव्हता, काजवाल्यांची जेवणाची सुट्टीही वेगळी होती, आणि त्या मशीनचा आवाज असा, की शेजारी तोफ उडाली तरी कळू नये. तीन आठवड्यांत तिथे चक्कर येऊन एकही सुई मोडली नव्हती.

"म्हणजे वाऱ्याला भिंत कळत नाही," सून हळूच म्हणाली, "पण मांडणी कळते."

तीन आठवड्यांत पहिल्यांदा दोघी हसल्या.

गुरुवारी सकाळी कामावर जाण्याआधी आजी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेली आणि स्वतःच्या मुंग्यांची गोष्ट त्यांना सांगितली. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली. म्हणाल्या, नाटक कोणीच करत नव्हतं. भीती वाटली की माणूस नकळत भराभर श्वास घेतो, आणि तसा घेतला की बोटांना खरोखर मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, डोकं हलकं होतं. हे शरीरच करतं. मग ते बघून शेजारणीला भीती वाटते. ज्यांना बोलायची, हलायची, खिडकी उघडायची चोरी असते त्यांच्यात हे लवकर पसरतं.

"मी त्या दिवशी 'मनाचं आहे' एवढंच बोलून निघून गेले, तिथे चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "ऐकणाऱ्याला वाटलं, खोटं आहे म्हणतेय. आजी, दुसऱ्याला जांभई देताना बघून तुम्हाला कधी जांभई येत नाही?"

आजीने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिला जांभईच आली.

"मग बाटलीने बरं का वाटतं त्यांना?" जांभई संपल्यावर तिने विचारलं.

"तो हळूहळू श्वास सोडायला लावतो ना? त्याने मुंग्या जातातच. बाटली नसती तरी गेल्या असत्या."

हा दुसरा तुकडा. तिसरा त्याच दुपारी मिळाला. चार नंबरवाली सांगितल्याप्रमाणे पडून झाली होती. आजी बाबाच्या पेटीजवळ मुद्दाम उभी राहिली. पेटीखाली फरशीवर पाण्याचं थारोळं होतं. "महाराज, जरा दर्शन घेऊ?" म्हणत तिने रिकाम्या बाटलीला हात लावला. बाटली बर्फासारखी गार.

ती हात जोडून म्हणाली, की उद्याचा नंबर या वेळी सगळ्यांना न सांगता माझ्या वहीत लिहून द्यावा, म्हणजे लेखी पुरावा राहील. पुरावा हा शब्द ऐकून बाबा खुलला. त्याने झोकात सतरा लिहिलं, आजीने त्यावर कागद चिकटवला आणि वही कुलपात ठेवली.

शुक्रवारी बायांनी आजीच्या चेहऱ्यावरून नंबर ओळखायचा पुष्कळ प्रयत्न केला. आजीने चेहरा पाटासारखा ठेवला. कोणालाच काही कळेना, तेव्हा प्रत्येकीने ठरवून टाकलं, की दुसरीच कोणीतरी असणार. दोघींना जराशा मुंग्या आल्या तेवढंच. सतरावाली दिवसभर गुणगुणत शिवत बसली आणि तिने त्या दिवशी सगळ्यांत जास्त झबली काढली.

दुपारी आजीने वही उघडून कागद फाडला आणि सगळ्यांना सतरा दाखवला. आता बाबाची जिरणार असं तिला वाटलं होतं. पण बाबा जराही हलला नाही.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "सतरावर येणारच होतं. मी रात्रभर बसून अडवून धरलं. बघा माझे डोळे."

बायांनी त्याचे डोळे बघितले आणि त्यांना ते लाल दिसले. सतरावालीने तर त्याच्या पाया पडून घेतलं. पडली तर बाबा खरा, आणि नाही पडली तरी बाबाच खरा. आजी जाळीमागे जाऊन बसली. वही दाखवून हे सुटणार नव्हतं. सगळ्यांना जे दिसत होतं ते आकड्यांनी पुसलं जाणार नव्हतं. आपल्या बोटांना मुंग्या आल्या तेव्हाच आपल्याला कळलं. त्याआधी डॉक्टरीणबाईंनी सांगूनही कळलं नव्हतं. मग यांनाही त्यांच्याच कातडीवर कळायला हवं. ती उठली आणि गोदामात गेली.

शनिवारी जेवणघर गच्च भरलं. काजवाल्याही आल्या होत्या. डॉक्टरीणबाईंना आजीने निरोप धाडला होता, त्या दाराशी उभ्या होत्या. बाबा स्टुलाशेजारी, घड्याळसाहेब त्याच्याशेजारी, आणि मधे मोकळी जागा सोडून सून. तिची मान वर होती.

आजी एक गाठोडं घेऊन पुढे आली. म्हणाली, सुनेचं काय ते होईलच, पण त्याआधी कामाची एक सूचना आहे. आजीने आठ वर्षांत कधी वहीत खोटी वेळसुद्धा लिहिली नव्हती, त्यामुळे सगळे ऐकू लागले.

"काल नव्या कापडाची गाठोडी आली, त्यांत पिसवा आहेत," ती म्हणाली. "अगदी बारीक. डोळ्यांना दिसत नाहीत. घाबरायचं कारण नाही, पण त्या पायांवरून चढतात. आधी घोट्याशी हुळहुळतं. मग पाठीवर, जिथे हात पोचत नाही तिथे. मग मानेवर आणि केसांत. चावतात तेव्हा कळत नाही, नुसतं काहीतरी चालल्यासारखं वाटतं. हे गाठोडं आत्ताच आणलंय मी."

आणि तिने गाठोडं टेबलावर ठेवलं.

पहिल्यांदा इस्त्रीवाल्या काकूंनी एक पाय दुसऱ्या पायावर घासला. मग नऊ नंबरवालीने मान खाजवली. मग बघता बघता सगळं जेवणघर हलायला लागलं. कोणी डोक्याचा रुमाल सोडला, कोणी खांबाला पाठ घासली. घड्याळसाहेब पेन घेऊन कॉलरच्या आत खाजवत होता. दाराशी डॉक्टरीणबाईंनीसुद्धा कोपर चोळून घेतलं आणि मग स्वतःशीच हसल्या. आणि बाबा? बाबाचा झगा पायघोळ आणि दाढी घनदाट. त्याने आधी दाढीत बोटं घातली, मग काखेत, आणि शेवटी हातातली बाटली उलटी धरून तिच्या बुडाने पाठ खाजवायला लागला.

आजीने मनात वीसपर्यंत मोजलं. मग कात्री घेतली, सगळ्यांसमोर गाठोड्याचं सील कापलं आणि माल टेबलावर पसरला. कापडाचा एकेक तागा प्लास्टिकमध्ये घट्ट बंद होता.

"पिसू नाही," ती म्हणाली. "एकही नाही. कधी नव्हतीच. खोटं बोलले, त्याबद्दल सगळ्यांची माफी मागते. आता सांगा, खाज खोटी होती का?"

मग इस्त्रीवाल्या काकूंनी आपला हात पुढे केला. नखांचे लाल ओरखडे उठले होते. "खोटी कशी? ही बघ."

"मग तुम्ही नाटक करत होतात?"

"मी कशाला नाटक करू?"

"तेच म्हणते मी. पिसू नव्हती, तरी खाज खरी. वारं नव्हतं, तरी चक्कर खरी. माझ्या पोरींनी नाटक केलं नाही, आणि माझ्या सुनेने काही आणलं नाही. तिला ताप होता आणि पोट रिकामं होतं, एवढंच. बाकी आपण एकमेकींकडे बघून घाबरलो. मीसुद्धा. बुधवारी माझ्या बोटांना मुंग्या आल्या, मी कोणाला सांगितलं नाही."

बाबाने हात वर केला. म्हणाला, ही खाजही वाऱ्याचीच आहे, हे त्याचं दुसरं रूप आहे. पण हे म्हणतानाही त्याचा दुसरा हात दाढीतच होता.

"मग महाराज, भरा बाटलीत," आजी म्हणाली. "सुरुवात तुमच्या दाढीपासून करा."

काजवाल्यांपैकी एक खो खो हसली. काजवाल्यांना ओरडून बोलायची आणि ओरडून हसायची सवय. त्या हसण्यावरून दुसरीला हसू आलं, तिच्यावरून तिसरीला, आणि तीन आठवडे ज्या वाटांनी चक्कर पसरली होती त्याच वाटांनी हसू सबंध जेवणघरात पसरलं. सुनेच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ते हसण्याचंच होतं.

मग आजीने पेटीवरचं कापड ओढलं. बाटल्यांमधे बर्फाचे तुकडे. तिने एक गार बाटली घेतली आणि आपल्या पिशवीतून दुसरी, गरम पाण्यात धरून ठेवलेली, तशीच बाटली काढली. सतरावालीला दोन्हींत श्वास सोडायला सांगितलं. गार बाटली पांढरी झाली. कोमट बाटली तशीच लख्ख राहिली.

"हे चुकूनच कळलं," ती म्हणाली. "सोमवारी चहाच्या वाफेने माझा चष्मा आंधळा झाला होता. तेव्हा कोणी म्हटलं नाही, आजी, तुझ्या चष्म्यात वारं शिरलंय म्हणून."

बाबाने पेटी उचलली. आपल्याला दुसऱ्या गावी तातडीचं बोलावणं आहे, असं तो म्हणाला. ते कधी आलं हे कोणी विचारलं नाही. जाताना त्याची एक बाटली टेबलावरच राहिली.

सून अजून मोकळ्या जागेत उभीच होती. बारा नंबरची शेजारीण, पहिल्या दिवशी तिला उचलणारी आणि बुधवारी तिच्याकडे पाठ फिरवणारी, पुढे आली. म्हणाली, "चल गं. माझी बॉबिन अडकलीय, तुझ्याशिवाय निघत नाही." सुनेने तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि दोघी हॉलकडे गेल्या.

राहिला घड्याळसाहेब. आजीने त्याला विचारलं, की निम्म्या बाया घरी बसणार ही बातमी कुठून आली. त्याने मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं, मग गळ्यातल्या. दोन्हींत उत्तर नव्हतं. मग तो खाली बघून म्हणाला, की तसं काही ठरलेलं नव्हतं. हात भराभर चालावेत म्हणून त्यानेच ती पुडी सोडून दिली होती. त्यालाही वरून रोज दोन फोन येत होते, आणि फोन वाजला की त्याच्याही छातीत धडधडायचं.

"मग तूही आमच्यातलाच," आजी म्हणाली. "जा, खिडक्या उघड."

त्याने स्वतः जाऊन एकेक खिडकी उघडली. पितळी बिल्ले एकाचे पाच झाले. बोलायला परवानगी मिळाली, आणि आजाऱ्याला सुट्टी. सोमवारी चौघींना मुंग्या आल्या, मंगळवारी दोघींना. ज्या बाईला तसं होई तिने खिडकीशी बसायचं, हळू श्वास सोडायचा, आणि शेजारणीने तिच्याकडे टक लावून बघत न बसता काहीतरी खुसखुशीत सांगायचं, असं डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं. आठवडा संपेपर्यंत ते सगळं थांबलं. ऑर्डर दोन दिवस उशिरा गेली, आणि आभाळ काही कोसळलं नाही. नमुन्याचं पहिलं झबलं सुनेने शिवलं.

बाबाची राहिलेली बाटली सुईआजीने जाळीच्या खिडकीत ठेवली आहे. तिच्यात आता ती चुरा झालेल्या, वहीत न चिकटणाऱ्या सुयांचे कण टाकते.

माणूस घाबरतो यात कमीपणा नाही, आणि घाबरल्यावर अंग थरथरतं यातही नाही. दुखणाऱ्याला खोटं ठरवू नये; ते दुखणं खरंच असतं. पण ते कुठून आलं हे शोधण्याआधी कोणाच्या तरी बाटलीकडे धावू नये, आणि कोणा बिचारीला दार ठरवून उंबऱ्याबाहेर काढू नये. किती वाजता झालं, कोणाला झालं, कोणाला झालं नाही, हे विचारायला शिक्षण लागतंच असं नाही. थोडा धीर मात्र लागतो.

परवाच इस्त्रीवाल्या काकू धावत खिडकीशी आल्या. म्हणाल्या, नदीपलीकडे एक माणूस आलाय, तो नुसता फोटो बघून गुडघे बरे करतो, शेकडो लोक सांगतात, अगदी खरं आहे.

सुईआजीने चष्मा वर केला आणि रिकामा तळहात जाळीबाहेर काढला.

"आधी सगळे तुकडे आण," ती म्हणाली.